नव्या रिंगला महागडं ऑइल कशाला?

सातगाव पठारावरच्या माझ्या मामांनी ट्रॅक्टरचं इंजिन नव्याने बांधून घेतलं, हौसेने सिंथेटिक ऑइल भरलं आणि जपायचं म्हणून महिनाभर रिकामाच फिरवला. आता निळा धूर! मित्रांनो, होनिंगच्या बारीक रेघांवर घासूनच नवी रिंग लायनरला बसते. निसरडं ऑइल त्यात आडवं येतं. पण माझ्या मते खरा घोळ भार न देण्याचा. जोडणीत बेअरिंगला ग्रीस नको, स्वच्छ ऑइल लावा. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल, मध्यम भाराची नांगरट, आणि 50 तासांत ऑइल बदला, त्यात धातूचा कीस असतो. मामा म्हणाले, "कॉन्व्हेंटवाल्या, कधी पाना धरलायस का?" नाही धरला. पण इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा शेजारीच होतो. लायनर आरशासारखा चकचकीत, एक रेघ उरली नव्हती.