विंबल्डनचं दुसरं मैदान

भारतातून फोन आला आणि विंबल्डनचं नाव निघालं की पलीकडून पुढचा शब्द 'टेनिस' हाच येतो. टेनिसचं कौतुक आहेच. पण मंडळी, गेल्या दिवाळीत याच पानावर अलॉटमेंटमधल्या मेथीबद्दल लिहिलं, तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या खेपेला विंबल्डनच्या फुटबॉल क्लबाची गोष्ट सांगायची. फुटबॉलची आवड नसलेल्यांनी पान उलटू नये. हॉलच्या भाड्यावरून आपल्या मंडळाच्या सभेत होणारी वादावादी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल.

१८८९ साली इथल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 'विंबल्डन ओल्ड सेंट्रल्स' नावाचा संघ काढला. खेळायला विंबल्डन कॉमनचं मोकळं माळरान, आणि कपडे बदलायला जवळचा 'फॉक्स अँड ग्रेप्स' पब. १९१२ मध्ये प्लाऊ लेनवर हक्काचं मैदान मिळालं. पुढची पन्नास वर्षं हा हौशी खेळाडूंचा संघ होता. १९६३ मध्ये त्यांनी हौशी संघांचा एफए कप जिंकला. अंतिम सामन्यात विंबल्डनने चार गोल केले, चारही एडी रेनॉल्ड्सचे, आणि चारही डोक्याने मारलेले!

१९७७ साली क्लबाला व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळाला. तिथल्या सर्वांत खालच्या पायरीवरून सर्वांत वरच्या पायरीवर जायला त्यांना फक्त नऊ वर्षं लागली. १४ मे १९८८ रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात समोर होता त्या वर्षीचा लीगविजेता लिव्हरपूल. लॉरी सांचेझने गोल केला, गोलकीपर डेव्ह बेझंटने पेनल्टी अडवली आणि विंबल्डनने कप नेला. आमचे 'हे' लिव्हरपूलचे भक्त आहेत, त्यामुळे हा विषय आमच्या घरी जेवताना काढत नाहीत.

इथून पुढे मात्र उतार. हिल्सबरोच्या दुर्घटनेनंतर मोठ्या संघांच्या स्टेडियममध्ये सगळ्यांना बसायला खुर्च्या असणं सक्तीचं झालं. जुन्या प्लाऊ लेनला ते झेपणारं नव्हतं. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहायला गेला. तात्पुरता म्हणून गेलेला भाडेकरू बारा वर्षं तिथेच राहिला. मधल्या काळात जुनी जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. मालकांनी क्लब थेट डब्लिनला नेण्याचाही घाट घातला होता. तो फसला. मग नाव पुढे आलं मिल्टन कीन्झचं. विंबल्डनपासून सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे साधारण नाशिक ते शिर्डी.

उद्या कुणी म्हणालं, की कसब्यात जागा परवडत नाही, तेव्हा कसबा गणपती साताऱ्याला नेऊ या, तिथे मोठा मंडप फुकट मिळतोय, तर पुणेकर काय करतील? विंबल्डनकरांनी तेच सगळं केलं. मोर्चे काढले, पत्रं लिहिली, सामन्यांवर बहिष्कार घातला. तरी २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला परवानगी दिली. शिवाय विंबल्डनमध्ये नवा संघ उभा करणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही अहवालात लिहून ठेवलं. मी सात वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आहे. कायदा एका बाजूला आणि न्याय दुसऱ्या बाजूला, हे मुलांना समजावताना हे उदाहरण हाताशी असतं तर किती बरं झालं असतं!

चाहत्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि महिन्याभरात एएफसी विंबल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला. खेळाडू कुठून आणायचे? २९ जूनला त्याच विंबल्डन कॉमनवर खुली निवड चाचणी ठेवली. सुमारे २३० जण आले. अकरा दिवसांनी सटन युनायटेडच्या मैदानावर पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. आपले ०-४ ने हरले, पण पाहायला ४,६५७ माणसं आली होती. सुरुवात नवव्या पायरीवरून, जिथे समोरच्या संघाचा गोलकीपर दिवसा प्लंबिंगची कामं करत असतो. पुढे सलग ७८ लीग सामने ते हरले नाहीत. २०११ साली मँचेस्टरला लूटनविरुद्ध पेनल्टींवर जिंकून ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आले. त्या दिवशी गोलमध्ये उभा असलेला सेब ब्राऊन लहानपणापासून याच क्लबाचा चाहता होता.

राहायला मात्र अजून किंग्स्टनच्या मैदानातच. प्लाऊ लेनवर, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं. त्या जागी नवं मैदान बांधायचं ठरलं आणि पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदारांना मोठा हिस्सा देण्याची चर्चा झाली. तेव्हा चाहत्यांनी बाँड काढले आणि आपापसातून ५० लाख पौंडांहून अधिक जमवले. ३ नोव्हेंबर २०२० रोजी प्लाऊ लेनवर पहिला सामना झाला. कोविडमुळे खुर्च्या रिकाम्या! एकोणतीस वर्षांनी घरी परतायचं आणि वास्तुशांतीला एकही पाहुणा नाही, असं झालं. पण त्याच चाहत्यांनी त्याच वर्षी गट करून गरजू घरांपर्यंत किराणा पोहोचवला आणि मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी जुने लॅपटॉप दुरुस्त करून दिले.

आणि मिल्टन कीन्झ? तिथे गेलेला संघ आज एमके डॉन्स म्हणून खेळतो. इथल्या जुन्या चाहत्यांसमोर ते नाव काढायची सोय नाही. पण तिथे जन्मलेल्या वीस वर्षांच्या पोराचा तो गावचा संघ आहे, त्याने काय पाप केलं? २००७ साली त्यांनी जुन्या ट्रॉफ्यांवरचा हक्क सोडला आणि त्या इथल्या मर्टन कौन्सिलकडे आल्या. माझ्या मते ते शोभून दिसलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाने वँडल नदीचं पाणी मैदानात शिरलं आणि गवताखालची जमीन खचून मोठा खड्डा पडला. न्यूकॅसलशी होणारा सामना न्यूकॅसललाच न्यावा लागला. पुन्हा वर्गणी, पुन्हा मदतीचे हात. पुढच्या मे महिन्यात वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० ने हरवून ते एक पायरी वर चढले.

क्लबाची बहुमताची मालकी आजही चाहत्यांच्या 'डॉन्स ट्रस्ट'कडे आहे. एक सभासद, एक मत, मग खिशात कितीही असोत. याची किंमत त्यांना मोजावी लागते. चांगला खेळाडू तयार झाला की श्रीमंत क्लब त्याला उचलून नेतो, आणि सभांमध्ये भांडणंही भरपूर होतात.

आपल्या मंडळाला एका व्यावसायिकांनी वर्षभराचं हॉलभाडं देऊ केलंय, हे आतापर्यंत बहुतेकांच्या कानावर आलं असेल. अट एवढीच, की मंडळाच्या नावाआधी त्यांचं नाव लागेल आणि समितीत त्यांची दोन माणसं असतील. गृहस्थ सज्जन आहेत, आणि भाडं खरंच डोईजड झालंय. तरी जानेवारीच्या सभेत मी विरोधात हात वर करणार आहे. भाड्यासाठी दर घरामागे वर्गणी किती वाढवावी लागेल, याचा हिशेब मांडून ठेवलाय. फराळाला याल तेव्हा दाखवते.