वेदीपुढचा दिलासा, वेदीमागची आडोशाची जागा

सेवक खासगी आयुष्यात कसा वागतो हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. त्याच्या हातून मिळणारा संस्कार खरा असला म्हणजे झालं. मानपाड्यातल्या ख्रिस्ती घरांत हा युक्तिवाद ऐकू येतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचं मानपाडा घ्या नाहीतर डोंबिवलीचं. दोन्हीकडे नव्या इमारतींबरोबर मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ ख्रिस्ती कुटुंबं आली. कुणी धर्मग्रामाच्या मिस्साला जातं, कुणी भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीत. फादर असोत की पास्टर, त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली की हेच उत्तर पुढे येतं.

या उत्तरामागे सोळाशे वर्षांचं धर्मशास्त्र आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. रोमन छळाच्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या काही बिशपांनी आणि धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. असल्या हातांनी दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, असं डोनाटस या बिशपच्या अनुयायांनी म्हटलं. संत ऑगस्टीनने त्यांचं खंडन केलं. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नव्हे, ही त्याची भूमिका, आणि इ. स. 411 च्या कार्थेजच्या परिषदेत निकाल डोनाटसपंथीयांच्या विरोधात गेला. मला ऑगस्टीनचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. नाहीतर आपला बाप्तिस्मा खरा की खोटा, आपलं लग्न लागलं की नाही, या शंकेने साधीभोळी माणसं झुरली असती. पण हा दिलासा वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यासाठी होता. वेदीमागे उभ्या असलेल्याने त्याचा आडोसा करावा, हे ऑगस्टीनला कधीच मान्य झालं नसतं. त्यानेच यहेज्केलच्या 34व्या अध्यायावर प्रवचन करताना कळप उपाशी ठेवून स्वतःचं पोट भरणाऱ्या मेंढपाळांची गय केली नाही. संस्कार वैध ठरला म्हणून सेवक निर्दोष ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणारे ऑगस्टीनचं अर्धंच वाचतात.

दुसरा युक्तिवाद भीतीचा आहे. आपण मूठभर, बाहेरचे टपलेले, घरातलं चव्हाट्यावर आणलं तर त्यांच्या हाती कोलीत मिळेल. भीती खोटी नाही, तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. पौलाने तीमथ्याला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मंडळी आजच्यापेक्षा कितीतरी लहान आणि असुरक्षित होती. तरीही त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाच्या ज्या अटी आहेत त्या बहुतेक आचरणाच्या आहेत: तो मद्यपी नसावा, पैशाचा लोभी नसावा, त्याने स्वतःचं घर नीट चालवलेलं असावं. आणि शेवटची अट अशी की बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. म्हणजे बाहेरच्यांच्या नजरेला पौल घाबरत नाही, तो तिला साक्षीला बोलावतो.

आपल्या मराठीतच याहून जवळचा दाखला आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपले पती, ख्रिस्ती कवी आणि सेवक नारायण वामन टिळक यांचा तापट स्वभाव, घरात दाणा नसताना पैसे वाटून टाकण्याची सवय, न सांगता निघून जाणं, काहीही झाकलं नाही. तेही पत्नीने, टिळक गेल्यानंतर, साऱ्या महाराष्ट्रासमोर. त्याने ख्रिस्ती समाजाची नाचक्की झाली का? उलट ख्रिस्ती नसलेल्या मराठी घरांनीही टिळकांना आपलं मानलं.

आणि झाकण्याची किंमत नेहमी दुबळ्यानेच मोजलेली असते. 2015 मध्ये गोवंडीच्या शिवाजीनगरात एका अल्पवयीन मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. डिसेंबर 2021 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. समाजाच्या अब्रूसाठी त्या कुटुंबाने गप्प बसायला हवं होतं, असं त्या मुलाच्या आईसमोर कुणी म्हणून दाखवावं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार तर असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

तिसरं म्हणणं सुशिक्षितांचं. वागणूक चांगली आहे ना, शाळा-दवाखाना चालतो ना, मग सेवक काय मानतो याची चौकशी कशाला? मला हे पहिल्या दोहोंइतकंच घातक वाटतं. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या ज्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला पंडिता रमाबाई होत्या, त्यांच्यासमोर त्रैक्याच्या सिद्धांतावर नुसती मान डोलावली असती तर रमाबाईंचं आयुष्य सोपं झालं असतं. पटलं नव्हतं, म्हणून त्या पत्रांतून भांडत राहिल्या. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार मोडला. लक्ष्मीबाईंना त्यांनी ओढून नेलं नाही, त्या काही वर्षांनी स्वतःच्या खात्रीने आल्या. पुढे भारतीय मंडळी परदेशी पैशाच्या आणि शिस्तीच्या ओझ्याखाली वाढणार नाही, अशी टिळकांची खात्री झाली. तेव्हा ते मत खिशात ठेवून पगार घेत राहिले नाहीत. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडलं, वेतन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. मे 1919 मध्ये ते गेले. जे मानतो ते जगायचं, आणि मानणं बदललं तर त्याची झळ आधी स्वतःला लागू द्यायची. माझ्या मते सेवकाची कसोटी ती हीच.

अशी कसोटी पाहणं हा उद्धटपणा नाही, मंडळीचा हक्क आहे. कॅथलिक धर्मसंहितेचा नियम 537 प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची करतो. नियम 1287 भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायला सांगतो. मिस्साच्या वेळा लागतात त्याच फळ्यावर वर्षाचा जमाखर्च लागला पाहिजे. हॉलमध्ये दशमांश गोळा करणाऱ्या पास्टरनेही पावती द्यावी आणि खातं मंडळीच्या नावावर ठेवावं.

सेवकालाही संरक्षण हवं. पौल तीमथ्याच्या त्याच पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो की दोघा-तिघा साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे सेवकांवरचा, आरोप ऐकू नये, आणि दोष ठरला तर सर्वांसमक्ष कानउघाडणी करावी. कुजबुज करणाऱ्यांनी पहिला भाग वाचावा, पांघरूण घालणाऱ्यांनी दुसरा. मात्र लहान मुलाच्या तक्रारीला हा साक्षीदारांचा नियम लावू नये. तिथे आधी पोलीस ठाणं, मग चर्चची समिती. आणि ज्या सेवकाला आपण रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी बोलावतो, त्याच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूदही त्याच जमाखर्चात दिसायला हवी.