पन्नास रुपयांचं मंगळसूत्र

माझ्या रूममेटने मेन रोडवरून पन्नास रुपयांचं मंगळसूत्र आणलं, तेव्हा आम्हाला वाटलं, गॅदरिंगला नाटकबिटक असेल. तसं काही नव्हतं. तिला गायनॅककडे जायचं होतं. तीन महिने पाळी आली नव्हती, हनुवटीवर केस यायला लागले होते. पीसीओडी असणार, हे गुगलने सांगून झालं होतं. आधी एकदा ती एका दवाखान्यात तशीच गेली होती. काउंटरवरच्या बाईंनी भरल्या वेटिंग रूममध्ये खणखणीत आवाजात विचारलं, 'मिस की मिसेस?' ही 'मिस' म्हणाली. 'मग आई नाही आली सोबत?' शेजारच्या चार मावश्यांच्या माना वळल्या. ही उठली ती थेट हॉस्टेलवर आली.

म्हणून दुसऱ्या दवाखान्यात मंगळसूत्र घालून गेली. तिथे डॉक्टरांनी विचारलं, 'बाळासाठी प्रयत्न चालू आहेत का?' गडबडून ही 'हो' म्हणाली. झालं! पुढचा सगळा सल्ला मूल हवं असलेल्या बाईसाठीचा. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, असंही सांगितलं. आम्ही रूमवर पोट धरून हसलो. पण पीसीओडीत मूल हवंय की नको, यावर औषधं बदलतात, हे नंतर कळल्यावर हसू आलं नाही.

मुलींनो, तुम्हाला यात नवीन काही नसेल. मुलांनो, तुम्हाला असेल, म्हणून तुम्हीही वाचा.

आपल्या शहरात डॉक्टरांचा तुटवडा आहे, असं कोणी म्हणणार नाही. गंगापूर रोडला चक्कर मारा, प्रसूतिगृहांच्या पाट्या मोजा. त्र्यंबक रोडला सिव्हिल आहे. सगळ्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्याच म्हसरूळला आहे. सुरगाणा-पेठहून एसटीने शिकायला आलेल्या मुलीला तर हे सगळं हाकेच्या अंतरावर वाटायला हवं. पण दवाखाना जवळ असणं वेगळं आणि त्याचा काउंटर ओलांडता येणं वेगळं.

डॉक्टरांची बाजूही समजून घेऊ. मुलीचे शरीरसंबंध आलेत का, हे त्यांना उपचारासाठी कळावंच लागतं. तसं थेट विचारायला अवघड वाटतं, म्हणून 'लग्न झालंय का?' हा सभ्य प्रश्न. पण या सभ्य प्रश्नाला खोटंच उत्तर मिळतं. लग्न न झालेली मुलगी 'नाही' म्हणते आणि जी तपासणी व्हायला हवी ती होत नाही. आत, दार लावून, 'हे फक्त आपल्या दोघींत' म्हणून विचारलं तर काय बिघडेल?

कायदा या प्रश्नापलीकडे कधीच गेलाय. 1971च्या गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' यांना देता यायचं. 2021च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. अठरा पूर्ण असतील तर संमती फक्त तिची. आई, नवरा, बॉयफ्रेंड, कोणाचीही सही लागत नाही. तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठराच्या आत मात्र पालकांची लेखी संमती लागते आणि पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं, हे माहीत असलेलं बरं. आणि हो, शेवटचा शब्द अजूनही डॉक्टरचाच आहे. मागितला आणि मिळाला, असा हा हक्क नाही. ते मला पटत नाही, पण तो वेगळा लेख.

आता एक गंमत बघा. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर पाटी असते, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे'. ती हवीच. मुली नकोशा असणाऱ्या या राज्यात तर हवीच हवी. पण आपल्यातल्या कित्येकांनी ती पाटी वाचून गर्भपातच बेकायदा आहे, असा अर्थ काढलाय. मी बारावीपर्यंत तेच समजत होते. गर्भपात कायदेशीर आहे, असं सांगणारी पाटी तुम्ही कुठे पाहिलीत? मी तरी नाही. मग मुली मेडिकलच्या दुकानात विचारत फिरतात. 72 तासांच्या आत घ्यायची आयपिल चिठ्ठीशिवाय मिळते, ती गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपाताच्या गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि कारवाईचा ताप नको म्हणून अनेक मेडिकलवाले त्या ठेवतच नाहीत. उरतो कोणाच्या तरी मित्राचा मित्र, जो 'मिळवून देतो'. त्याच्या नादी लागू नका.

सरकारचं काय? किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतात. नाव छान आहे, सल्ला मोफत आहे, पण वय 10 ते 19. त्यानंतर जी दारं आहेत त्यांच्यावर लिहिलंय 'माता-बाल' आणि 'कुटुंब कल्याण'. म्हणजे एसवायला असलेली, वीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी कुठल्या दारातून आत जाणार? तिच्या नावाची पाटीच नाही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं 1921 ला. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजची प्राध्यापकी सोडावी लागली. शंभर वर्षं उलटली. 1989 ला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. ती गावं दुर्गम होती, असं आपण म्हणतो. कॉलेज रोड तर दुर्गम नाही ना?

मला वाटतं, सुरुवात आपल्या कॉलेजपासून करता येईल. नोटीस बोर्डावर अँटी-रॅगिंगचा कागद असतो, त्याच्या शेजारी अजून एक कागद लावायला प्राचार्यांची परवानगी मागा. त्यात कायदा, वयाची अट, जवळचं सरकारी रुग्णालय आणि ओपीडीची वेळ एवढंच. एनएसएसच्या शिबिरात दरवर्षी झाडं लावतो, एखाद्या वर्षी गायनॅकला बोलवा, आणि मुलांना त्या तासाला बाहेर ग्राउंडवर पाठवू नका. आणि तिथे आलेल्या डॉक्टरांना एवढंच विचारा, तुमच्या फॉर्मवर 'मिस/मिसेस'चा रकाना कशाला?

रूममेट तिसऱ्या दवाखान्यात गेली, या वेळी मंगळसूत्र न घालता, मला सोबत घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आता तिची पाळी बरीचशी मार्गावर आलीय. मंगळसूत्र अजून आमच्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात समोरच्या रूममधल्या मुलीने दोन दिवसांसाठी मागून नेलं होतं. कशाला, ते आम्ही विचारलं नाही.