वसंतातील मैफलींची यादी आणि यादीबाहेरचा गोंदिया

(धागा)

१/ माघ सरून फाल्गुन लागला की महानगरांतून एक यादी निघते : या वसंतात कोठे कोणती मैफल, कोणत्या मैदानावर कोणता परदेशी वाद्यवृंद, तिकिटे केव्हा खुली होणार. यादी मुंबई-पुण्याची असते. मथळा मात्र बहुधा साऱ्या महाराष्ट्राचा असतो. आक्षेप यादीला नाही, त्या मथळ्याला आहे.

२/ उदाहरण अगदी अलीकडचे. २०२५ मध्ये ८ आणि ९ मार्चला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा भरला. ग्रीन डे आणि शॉन मेंडिस ही त्यातील ठळक नावे. होळी पाचच दिवसांवर होती. नेमक्या त्याच सुमारास राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदियासह चार जिल्ह्यांत, रात्र-रात्र चालणाऱ्या जिवंत संगीताचा एक अख्खा हंगाम आवरत आला होता. तो दिवाळीपासून सुरू होता. यादीत त्याची एक ओळही नव्हती.

३/ हा हंगाम झाडीपट्टी रंगभूमीचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग म्हणजे झाडीपट्टी. गोंदिया जिल्हा म्हणून तरुण आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. प्रदेशाचे नाव मात्र फार जुने. महानुभाव वाङ्मयातही ‘झाडी’ हा प्रदेशनिर्देश येतो. तलाव, धान आणि जंगल ही त्याची ओळख. चौथी ओळख नाटकाची.

४/ येथील हंगाम कोणा आयोजकाने ठरवलेला नाही. तो धानाने ठरवला आहे. पावसाळ्यात चिखलणी-रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. हाती दोन पैसे आणि थोडी उसंत आली की भाऊबिजेपासून मंडई भरू लागते. मंडईमागून शंकरपट, शंकरपटाच्या रात्री नाटक. होळीच्या आसपास हंगाम उतरणीला लागतो. महानगरात वसंत हा मैफलींचा आरंभ. येथे तो भैरवीचा काळ.

५/ मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. ती गावाची जत्रा, लेकीबाळींना माहेरी आणणारा दिवस. नाटकाच्या निमित्ताने पाहुण्यांनी घरे भरतात. ओसरीवर सोयरिकीच्या गोष्टी निघतात, जुने रुसवे मिटतात. महानगरातील श्रोता मैफलीला एकटा किंवा मित्रांसह जातो. येथे गावच्या गाव यजमान असते आणि शेजारची गावे पाहुणी.

६/ व्यवहारही समजून घेण्याजोगा आहे. गावातील मंडळ एखाद्या नाट्यकंपनीशी ठरावीक रकमेचा करार करते. शामियाना, तिकीटविक्री, जाहिरात ही मंडळाची जबाबदारी. तोटा आला तर तोही मंडळाचा. कंपन्यांचे मोठे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव. हंगामात तेथून निघालेल्या गाड्या रोज नव्या गावाला जातात.

७/ पडदा रात्री दहाच्या सुमारास उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. यामागे हौसेइतकाच व्यवहार आहे. दहा-पंधरा कोसांवरून रेंगी-छकड्यांतून आलेले कुटुंब मध्यरात्री जंगलातून परत कसे जाणार? म्हणून रात्र नाटकाने भरून काढायची आणि उजेडात घरी निघायचे. आज छकड्यांच्या जागी दुचाक्या आल्या, तरी रात्रीची लांबी तीच राहिली.

८/ आणि या रात्रीचा कणा संगीत आहे. ऑर्गन, तबला, ढोलकी, अलीकडे ऑक्टोपॅड. वादक रंगमंचाशी बसून प्रवेशागणिक साथ करतात. नटाचा आवाज बसला तर स्वर उतरवतात, प्रेक्षकांनी गाणे पुन्हा मागितले तर पुन्हा सुरू करतात. ‘थेट सादरीकरण’ या शब्दाचा याहून सरळ अर्थ दुसरा नाही.

९/ येथे पहिला आक्षेप येतो : हे नाटक आहे, मैफल नव्हे, संगीताच्या यादीत ते कशाला? ज्या भाषेत हा आक्षेप घेतला जातो, त्या भाषेचा इतिहासच त्याचे उत्तर आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले. त्यानंतरची कित्येक दशके सामान्य मराठी माणसाला राग भेटला तो नाट्यपदांतून. नाटकाचे तिकीट हेच त्याचे मैफलीचे तिकीट होते.

१०/ नाटक वेगळे आणि मैफल वेगळी, ही फारकत पुढे रुंदावली. १४ मार्च १९३१ रोजी, म्हणजे ऐन वसंतात, मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटाने शहरांतील नाट्यगृहे गिळली. संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक मोडल्या. गाणारा नट गेला. उरले गवई एकीकडे आणि गद्य नट दुसरीकडे.

११/ पाठ्यपुस्तकी इतिहास येथे थांबतो आणि ‘मराठी संगीत रंगभूमीला उतरती कळा लागली’ असे लिहितो. प्रश्न असा की, कोणाच्या रंगभूमीला? मुंबई-पुण्याच्या मंडळ्या मोडल्या हे खरे. परंतु धानाच्या प्रदेशात, तिकीट लावून, रात्रभर, जिवंत वाद्यमेळासह संगीत नाटक चालूच राहिले. शहरातील घटनेला राज्याचा इतिहास म्हणणे ही नजरचूक नव्हे, ती नजरेची सवय आहे.

१२/ दुसरा आक्षेप दर्जाचा. झाडीपट्टीचे नाटक भडक, विनोद ओबडधोबड, मधेच घुसडलेली नाचगाणी, असे म्हटले जाते. त्यात तथ्यही आहे. पण महानगरातील मैदानी मैफलीतही सारेच संगीत उच्च असते काय? तेथे प्रकाशझोत, धूर आणि पडद्यांची रोषणाई असते. तिला ‘निर्मितिमूल्य’ म्हणतात. येथील रंगरंगोटीला ‘भडकपणा’. एकाच गुणाला शहरात एक नाव आणि खेड्यात दुसरे, हा समीक्षेचा न्याय नव्हे.

१३/ शिवाय ही रंगभूमी शहराची नक्कल म्हणून जन्मलेली नाही. तिच्या खाली दंडार आणि खडी गंमत यांची जमीन आहे. दंडार ही गावातल्याच मंडळींनी नाचून-गाऊन उभी करायची कला. खडी गंमत शाहीर, नाच्या आणि ढोलकी यांच्या जोरावर रंगणारी. शहरी नाटकाचा साचा येथे आला तेव्हा गाणारा नट, जागणारा प्रेक्षक आणि सवाल-जवाबाची चटक ही सामग्री आधीच तयार होती.

१४/ आणखी मागे जायचे तर सालेकसा तालुक्यातील कचारगडाला जावे. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. गोंडी परंपरा सांगते की या गुहेत कोंडलेल्या मुलांच्या सुटकेत हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताचा वाटा होता. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्या मुलांना मार्ग दाखवला. संगीताने दगडी दार उघडल्याची कथा ज्या जिल्ह्यात दर वर्षी स्मरली जाते, त्याला ‘सांस्कृतिकदृष्ट्या मागास’ म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

१५/ या परंपरेचा अभ्यास झालाच नाही असेही नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली, दंडार आणि येथील लोकरंगभूमी यांच्यासाठी आयुष्य वेचले. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. साधने आहेत, राष्ट्रीय सन्मान आहे. तरीही यादी करणाऱ्याच्या हाताला हे लागत नाही, याचे कारण अज्ञान एवढेच असू शकत नाही.

१६/ आता एका गोड स्तुतीकडे वळणे भाग आहे. ‘एक रुपयाही अनुदान न घेता चालणारी रंगभूमी’ असे झाडीपट्टीचे कौतुक भाषणांतून होते. कौतुकाच्या आड हात झटकणे लपलेले असते. जो स्वतःच्या पायावर उभा आहे त्याला आधाराची गरज नाही, असे एकदा ठरवले की पुढचे सारे प्रश्न आपोआप मिटतात. स्वावलंबन हा कलावंतांचा गुण आहे. ती शासनाची सबब होऊ शकत नाही.

१७/ या सबबीची खरी किंमत कायद्यात दिसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. अपवाद बंदिस्त जागेचा : सभागृह, परिषद-कक्ष, सामूहिक सभागृह, मेजवानीचे दालन. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सूट देता येते, तीही सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवप्रसंगी आणि रात्री १२ पर्यंतच.

१८/ शब्द सर्वांना सारखे. परिणाम सारखा नाही. ज्या नगराजवळ छप्पर आहे, त्याला नियमाने रात्र दिली. ज्या गावाजवळ कापणीनंतर मोकळी झालेली बांधी आणि वर कापडी शामियाना आहे, त्याची रात्र नियमाने काढून घेतली. पंधरा दिवसांची सूट तर गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी, जयंत्या आणि वर्षअखेर यांतच बहुतांशी वाटली जाते. चार महिन्यांच्या हंगामासाठी उरते काय?

१९/ नियम जसाच्या तसा लावला तर मध्यरात्रीनंतरचा प्रत्येक अंक नियमबाह्य ठरतो. म्हणजे झाडीपट्टीचे नाटक आज हक्काने नव्हे, मेहेरबानीवर चालते. मेहेरबानीवर चालणारी कला नेहमी कोणाचे तरी तोंड पाहून बोलते. हा तोटा गल्ल्यात मोजता येत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही.

२०/ नियमाची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणा ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ज्या प्रकरणात रात्रीच्या ध्वनिक्षेपकावर बोट ठेवले, त्यातील एका याचिकेच्या मुळाशी गोंगाटात बुडालेली एका अल्पवयीन मुलीची आर्त हाक होती. आजारी माणूस, परीक्षेचे मूल, तान्हे बाळ गावातही असते. म्हणून मागणी गोंगाटाच्या मोकळिकीची नाही. मोजमाप बदलण्याची आहे. एका गावात वर्षातून मोजक्या रात्री, गावाच्याच संमतीने झालेले नाटक आणि दाट वस्तीतील रोजचा कर्णा यांना एकच माप लावणे हा न्याय नव्हे.

२१/ वरून आलेला निर्णय या हंगामाला कसा हलवतो, याचा दाखला ताजा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरला. प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न खराच होता. परंतु शंकरपट हा नाटकाचा दिवसाचा अर्धा भाग आहे, दिवसाची गर्दी थांबली तर रात्रीच्या तिकीटखिडकीचे काय होईल, हा विचार त्या साऱ्या चर्चेत कोठे होता?

२२/ घरातील दोषही सांगितले पाहिजेत. रेकॉर्डवरील नाचांनी काही ठिकाणी जिवंत वादकालाच बाजूला सारले आहे. रात्रभर काम करून पहाटे पुढच्या गावी निघणाऱ्या स्त्री-कलावंतांना कपडे बदलायला धड आडोसा मिळेलच असे नाही. व्यवहार तोंडी असल्यामुळे आयुष्यभर ऑर्गन वाजवणाऱ्याकडे म्हातारपणी कागद नसतो. आणि कलावंत मानधनासाठी अर्ज करायचा तर कागदच लागतो. ज्याच्या वादनाला हजारो साक्षीदार आहेत, त्याला पुरावा मागितला जातो.

२३/ तेव्हा करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. गोंदियाच्या आठही तालुक्यांत नाटकाला खरोखर चालेल असे, नियमाच्या अपवादात बसणारे सभागृह असावे. सवलतीच्या रात्री जिल्ह्यामागे नव्हे, तर गावामागे, ग्रामसभेच्या ठरावाने मोजल्या जाव्यात आणि त्यासाठी राज्याने केंद्राकडे नियमदुरुस्तीचा आग्रह धरावा. प्रत्येक प्रयोगाची, कलावंतांच्या नावांसह, ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. तिसऱ्या गोष्टीला तर एका वहीपलीकडे खर्चही नाही.

२४/ आणि यादी करणाऱ्यांनी निदान मथळा प्रामाणिक ठेवावा. ‘मुंबईतील मैफली’ म्हणावे. त्यात कमीपणा नाही. पण ‘महाराष्ट्राचा वसंत’ म्हणायचे असेल, तर अर्जुनी मोरगावच्या बांधीत पहाटे चार वाजता, घोंगडी पांघरून, शेवटच्या पदासाठी जागा असलेला प्रेक्षक त्या मथळ्यात मोजावा लागेल. त्याने तिकीट काढलेले आहे.