तेरचं कापड, रोमचा टोगा आणि आपली शाळेची सहल

परवा ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "रोमन लोकांना कपडे घालायला आपण मराठवाड्यानं शिकवलं." शंभरेक जणांनी अंगठा दाखवला. माझं म्हणणं सरळ आहे: ही थाप आहे. आणि वाईट याचं वाटतं की खरी गोष्ट या थापेपेक्षा भारी आहे, अन् ती मुरुडपासून ढोकीमार्गे गाडीवर तासाभराच्या आत आहे.

रोमन माणूस मुळात लोकरीतला. साधा माणूस ट्युनिक घालायचा, म्हणजे लोकरीचे दोन तुकडे शिवून केलेला गुडघ्यापर्यंतचा अंगरखा. टोगा हा नागरिकाचा मान. पाच-सहा मीटरचं अर्धगोल, न शिवलेलं लोकरी कापड, अंगाभोवती गुंडाळायचं. आपल्याकडं धोतर-लुगडं नेसणाऱ्याला हे कळायला अवघड नाही. फरक एवढाच की लुगडं नेसून आपल्या आज्या खुरपायला जायच्या; टोगा घालून कुणी काम करू शकत नसे. बादशहा ऑगस्टस तर घरच्या बायकांनी विणलेलं कापड वापरतो अशी त्याची ख्याती होती. नेत्यानं साधे कपडे घालून लोकांना दाखवायची रीत लई जुनी म्हणायची.

मग आपलं कापड कुठं आलं? इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची वही लिहिली, 'पेरिप्लस'. त्यात तो सांगतो, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर आहे. तिथून साधं कापड भरपूर आणि नाना तऱ्हेची मलमल, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येते. तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं.

यातला "साधं कापड" हा शब्द मला मोलाचा वाटतो. मलमल रोमच्या श्रीमंत बायांच्या अंगावर गेली असेल. पण त्याच वहीत भारतातलं सुती कापड अरबस्तान अन् आफ्रिकेच्या बंदरांवर उतरत होतं असंही आहे. म्हणजे आपलं गिऱ्हाईक फक्त रोमची राणी नव्हती, तिकडचा रोजचा माणूसही होता. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडलेत. कोरड्या वाळूत ते टिकले. आपल्या काळ्या मातीत कापड कशाला टिकतंय?

रोममध्ये यावरून ओरडही व्हायची. भारत दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असं प्लिनीनं लिहून ठेवलंय. त्यात मिरीपासून मोत्यापर्यंत सगळं आलं. पण त्या पैशाचा एखादा वाटा तेरच्या विणकरापर्यंत पोचला असेल की नाही, हे वहीत नाही. गाडीवाल्याचं, रंगाऱ्याचं, सूत कातणाऱ्या बाईचं नाव तर कुठंच नाही.

आज? कापूस पिकवणारा आपला मुलूख, पण पोराचा गणवेश अन् लग्नातली साडी बाहेरून येते. सूत काढणं, विणणं, शिवणं यातला पैसा दुसऱ्याच्या गावी जातो. माल दोन हजार वर्षांपूर्वी इथं तयार होऊन बाहेर जायचा, याची आठवण तरी ठेवावी की नाही?

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तिथंच आहे. हस्तिदंताची एक बाहुली आहे. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई इ.स. ७९ ला राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिकडं पोचली होती.

आमच्या पोराच्या शाळेची सहल मात्र औंदा वॉटर पार्कला गेली. पोरं भिजली, खूश झाली, माझी तक्रार नाही. पण पुढच्या वर्षी पालकसभेत मी तेरचं नाव सुचवणार आहे. सकाळी निघायचं, संग्रहालय, त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांचं दर्शन, दुपारी तेरणेकाठी डबे सोडायचे. ज्यांची पोरं मुरुडच्या कुठल्याही शाळेत आहेत त्यांनी आपापल्या सभेत हाच विषय काढा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.