मिस्सा, मैदान आणि दाराबाहेरचे पुरुष

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेच्या कुठल्याही चर्चवरून गेलात तर एक दृश्य हमखास दिसेल. आत बाकांवर बायका, आज्ज्या, लहान पोरं. आणि पुरुषमंडळी? ती दारात, व्हरांड्यात, नाहीतर बाईकला टेकून उभी. मिस्साला ‘आलेले’ तेही आहेत, फक्त आत नाहीत! पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. दृढीकरण संस्कार होईपर्यंत आई कान धरून धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवते. एकदा तो झाला की पोरगा गुल.

यावर वडीलधाऱ्यांचं एक ठरलेलं औषध आहे : फुटबॉल. पोरांना बॉल द्या, टीम काढा, मग ती आपोआप चर्चकडे वळतील. इथपर्यंत ठीक. पण त्याला जोडून एक अट सुचवली जाते, मिस्साला हजेरी नाही तर टीममध्ये जागा नाही. म्हणजे आपल्या ७५ टक्के अटेंडन्ससारखंच की! त्या पंच्याहत्तर टक्क्यांनी आपल्यात अभ्यासाची किती गोडी निर्माण केली, ते मागच्या बाकावरच्यांना विचारा. मला स्वतःला फुटबॉल हवाच आहे, कदाचित या वडीलधाऱ्यांपेक्षाही जास्त. अट तेवढी नको.

हॉस्टेलच्या बऱ्याच जणांना भाईंदर पश्चिम म्हणजे स्टेशन, रिक्षास्टँड आणि झेरॉक्सची दुकानं एवढंच माहीत असतं. स्टेशनवरून उत्तनची बस पकडा, शेवटपर्यंत जा. मिठागरं मागे टाकत डोंगरी, उत्तन, पाली, चौक लागतात. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेलं धारावी बेट ते हेच (झोपडपट्टीवाली धारावी वेगळी). इथले कोळी बांधव बहुतेक ख्रिस्ती, बोली मराठी, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर, पुरुष घरी. आणि मुंबईकडे फुटबॉल हा मुळात पावसाचाच खेळ! वर्षातले दहा महिने समुद्रावर किंवा विरार लोकलमध्ये असणारा पुरुष या दोन महिन्यांत चिखलात सापडतो. त्याला भेटायचं तर तिथंच जायला हवं.

खेळ आणि देवाची ही जोडी आपल्याकडचा कुणी नवा शोध नाही. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स आणि कापडदुकानांत काम करणाऱ्या त्याच्या सोबत्यांनी वायएमसीए काढली. ही पोरं दिवसभर काउंटरवर उभी राहायची आणि मालकाच्याच जागेत दाटीवाटीनं झोपायची, म्हणजे हॉस्टेलवालीच म्हणा ना. सुरुवात बायबल आणि प्रार्थनेनं झाली. खेळ पुढे शिरले, आणि असे शिरले की १८९१ मध्ये बास्केटबॉल आणि १८९५ मध्ये व्हॉलीबॉल, दोन्ही अमेरिकेतल्या वायएमसीएच्या माणसांनी शोधून काढले. मेसच्या मागच्या नेटवर रोज संध्याकाळी जो आरडाओरडा चालतो त्याचं मूळ हे आहे, बरं का! फुटबॉलचंही तसंच. अॅस्टन व्हिला (१८७४), एव्हर्टन (१८७८), साउथॅम्प्टन (१८८५) हे तिन्ही क्लब चर्चच्या पोरांनी काढले. ग्लासगोच्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ मध्ये सेल्टिक उभा केला तो गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे जमवायला. रात्रीच्या प्रीमियर लीगला टीव्ही रूममध्ये भांडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

‘आता तिथं देव कुठं उरलाय?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, क्लब मोठे झाले आणि चर्च मागे राहिलं. पण सेल्टिकच्या पैशातून जी पोरं जेवली ती जेवलीच ना? ते अन्न देताना कुणी मिस्साची हजेरी मोजली असती, तर त्याला दया कोण म्हणालं असतं?

खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत. ‘काय रे, काही प्रॉब्लेम आहे का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘नाय, कुठं काय.’ तोच माणूस मॅचनंतर चिखलातले बूट सोडवताना, तुमच्याकडे न बघता, सांगून टाकतो की डिझेलची उधारी थकलीय, किंवा नोकरी गेलीय आणि घरी अजून सांगितलेलं नाही. आपल्याकडे इयर डाऊन झालेला पोरगाही असाच. तो रूमचं दार लावून बसतो, मेसला येत नाही, पण खेळायला एखाद्या दिवशी येतो. दोन रविवार गोलकीपर दिसला नाही तर त्याच्या घरी कोण जातं, हा माझ्या मते टीमचा खरा प्रश्न. कप किती मिळाले हा नव्हे. कित्येक घरांत पुरुषाचं हे न बोलणं शेवटी बाटलीत जातं, हे किनाऱ्यावरच्या बायकांना कुणी वेगळं सांगायला नको.

मग यात ख्रिस्ती काय? हे तर कुठल्याही मंडळात होतं! होऊ दे की. फरक पडतो तो पन्नाशीचा एखादा तांडेल डिफेन्सला खेळून दमल्यावर सहज बोलतो तेव्हा. वादळात इंजिन बंद पडलं, त्या रात्री आपण कशी प्रार्थना केली, आणि त्याआधी कित्येक वर्षं केलीच नव्हती. असं ऐकलेलं पोराला वर्षभराच्या प्रवचनांपेक्षा जास्त आठवतं. संत पौलानंही करिंथकरांना लिहिताना धावपटू आणि मुष्टियोद्ध्याचीच उदाहरणं घेतली, कारण ऐकणाऱ्यांना स्पर्धा ठाऊक होत्या.

आणखी एक. आपल्या हॉस्टेलचे लातूर-नांदेडकडचे मित्रही तिकडे खेळायला येतात. त्यांना पास द्यावा, चहा द्यावा, माहितीपत्रक देऊ नये. बॉलच्या आड गळ आहे असा संशय एकदा आला की तो मित्र तर जातोच, शिवाय आपलीच पोरं मान खाली घालतात. कोळ्यांना गळ म्हणजे काय ते मी सांगायला नको! उद्या त्यानं आपणहून काही विचारलं तर मोकळेपणानं बोलावं. असो.

फुटबॉलमध्ये सगळं गोमटं आहे असंही नाही. रोख बक्षिसांच्या टुर्नामेंटला बाहेरचे प्लेअर आणले जातात आणि गावचा पोरगा बेंचवर बसतो. रेफरीला आई-बहिणीवरून शिव्या देऊन संध्याकाळी जपमाळ हातात घेणारेही आहेत. अशा वेळी टीममधल्याच कुणीतरी कॉलर धरावी, फादरांची वाट बघू नये.

धर्मग्रामातल्या थोरांना म्हणूनच विनंती : अट काढून टाका. मॅच मिस्साच्या वेळेवर ठेवू नका, म्हणजे ज्याला आत यायचंय त्याची पंचाईत होणार नाही. फादरांनी महिन्यातून एकदा तरी बूट घालून मैदानात यावं, गोलमध्ये उभे राहिले तरी चालेल. आणि खेळ संपल्यासंपल्या शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतात, तेवढं थांबवा. अंधार पडला तरी अर्धा तास फाटक उघडं आणि एक दिवा चालू राहू द्या. बूट सोडायला वेळ लागतो.