आधी नोकरी, मग नॉइज!

परवा रात्री मैत्रिणीचा फोन. 'अगं, मी पेपर टाकतेय. आता फुलटाइम पॉटरी!' मी म्हटलं, बाई, थांब. आधी डिअरहूफची गोष्ट ऐक.

डिअरहूफ हा सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये सुरू झालेला बॅन्ड. ड्रमर ग्रेग सॉनिए आणि रॉब फिस्क, अशी दोनच डोकी. पुढच्याच वर्षी सातोमी मात्सुझाकी आली. जपानहून नुकतीच अमेरिकेत पोचलेली, बॅन्डचा अनुभव शून्य. आणि तीच झाली गायिका! तिचा लहान मुलीसारखा निरागस आवाज, सोप्पी चाल, आणि मधेच गिटारचा असा कल्लोळ की शेजारी दार वाजवतील. पॉप आणि नॉइज एकाच ताटात. आमरसाशेजारी ठेचा वाढावा, तसं!

पण गंमत पुढे आहे. १९९७ मध्ये पहिला अल्बम आला, तरी मंडळी नोकऱ्या करतच होती. २००३ च्या 'अ‍ॅपल ओ'चं बहुतेक रेकॉर्डिंग त्यांनी नऊ तासांच्या एका बैठकीत उरकलं. त्या अल्बमचं कौतुक झालं, तेव्हा कुठे नोकऱ्या सोडून ते पूर्णवेळ दौऱ्यांवर निघाले. २००६ मध्ये रेडिओहेडच्या शोजना ओपनिंग केलं. प्रोड्यूसर घेऊन खऱ्याखुऱ्या स्टुडिओत पहिला अल्बम केला तो थेट २०२३ मध्ये, 'मिरॅकल-लेव्हल'. तोही अख्खा जपानीत! २०२५ मध्ये तर स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली. कारण, सहसंस्थापक डॅनियल एकची लष्करी एआय कंपनीतली गुंतवणूक.

मला वाटतं, हा ताठ कणा त्या नोकरीच्या वर्षांतच घडला. भाडं पगारातून जात होतं, त्यामुळे गाणं कुणाला आवडावं म्हणून गोड करायची गरजच नव्हती.

'पण तू सोडलीसच ना नोकरी?' मैत्रिणीनं पकडलंच.

सोडली. सेव्हिंग्ज न मोजता. पुढचे सहा महिने मी बिल्डरची ब्रोशर्स लिहिली. 'निसर्गाच्या कुशीत टू बीएचके'! स्वतःचं एक पानही नाही. ऑफिसात होते तेव्हा रात्री निदान डायरी तरी लिहायचे.

ती गप्प. मग हळूच म्हणाली, 'चाक बाल्कनीत आहे गं. दोन महिने हात लावला नाहीये.'

'मग आज लाव की. राजीनामा सोमवारी बघू.'

फोन ठेवला नाही तिनं. मागून बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला.